सरळ पाहिलं की विझणारा तारा

लोक दुबईला जातात, सिंगापूरला जातात आणि मग वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलमधले फोटो दाखवतात. मी इतवारीतून निघालो, सोळा प्रकाशवर्षं दूर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गिऱ्हाइकीला दुकानात हजर होतो. एस.टी.चं तिकीट तेवढं सावनेरपर्यंतचं काढावं लागलं. पुढचं सगळं फुकट. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांना सांगून ठेवतो, फोटो निघत नाही. निघाला असता तरी मी दाखवला नसता.

माझं नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान आहे. पितळ, तांबं, स्टील, जर्मन, सगळं ठेवतो. त्यातल्या एका पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मागे एक कबरी बकरी पडली होती. तिसऱ्या दिवशी ती दोन पांढरी पिल्लं घेऊन बाहेर आली. ही हकीकत अख्ख्या बाजाराला माहीत आहे आणि बकरी सोडली तर आजवर कोणी ती नाकारलेली नाही. फक्त आमची बायको, कुंदा, हसत नाही. ती म्हणते, "तुमचं खोटं मी रंगावरून ओळखते. तुम्ही खोटं बोलून राहिले की बकरी कबरी असते अन् पिल्लं पांढरी. खऱ्या गोष्टीचा रंग तुम्हाले कधीच आठवत नाही." हे तिचं शास्त्र बरोबर आहे. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

या खेपेला मात्र तिनंच मला खोटं बोलायला पाठवलं.

निघताना

कुंदाचे वडील म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. सावनेरच्या पुढे कोळशाच्या खदानी आहेत, त्यातल्या एका बंद पडलेल्या खदानीच्या काठावर त्यांचं घर आहे. नोकरीभर ते लँपरूममध्ये होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा आणि वर आल्यावर मोजून परत घ्यायचा, हे त्यांचं काम. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पडदा मधोमध खराब झाला, कडेचं थोडं राहील, बाकी काही होण्यासारखं नाही. समोर बोटं धरली तर मोजता येत नाहीत. ताटातली भाजी कुठली आणि लोणचं कुठलं ते चाखून कळतं. आणि घराच्या मागची जमीन तर पोकळ, ठिकठिकाणी भेगा पडलेली. एक पाय चुकला की संपलं. कुंदाच्या भावाला, प्रमोदला, रात्री झोप येईना. कुंदानं इकडे मागची खोली रिकामी केली, पलंग टाकला, त्यावर नवी चादर घातली. म्हातारा यायला तयार नाही.

तयार नाही याचं कारण एक तारा.

मामाजींजवळ दुर्बीण आहे. खदानीतले एक इंजिनिअर बदली होऊन जाताना ती ठेवून गेले आणि आकाशाची अर्धीअधिक माहितीही ठेवून गेले. त्या दुर्बिणीतून मामाजी रोज दिवेलागणीनंतर एक अंधूक पांढरा तारा पाहतात. डोळे जाऊनही पाहतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याला पोळी दिसत नाही त्याला तारा कसा दिसेल, असं प्रमोदचं म्हणणं. शेवटी म्हाताऱ्यानं स्वतःच अट घातली. ज्या दिवशी तो तारा मला दिसणार नाही त्या दिवशी मुकाट नागपूरला येईन. पण निवाडा जवायानं करायचा.

त्या घरात जवायाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मी जेवायला बसल्यावर सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं, तर वाढणारी तेवढीच घटकाभर थांबेल आणि म्हणेल, हाव, भाजी देऊ का.

"आयुष्यभर फुकट खोटं बोलले," कुंदा मला बॅग देताना म्हणाली, "आता एकदा माझ्यासाठी बोला. बाबाले म्हणा, तारा नाही दिसला. बस. अन् घेऊन या त्याले."

एवढं सोपं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

सावनेरच्या पुढे

थंडीचे दिवस होते. कापसाच्या गाड्यांमागून आमची एस.टी. एवढी हळू चालली की रस्त्याकडेची एक म्हातारी आम्हाला मागे टाकून सावनेरला पोचली आणि मी उतरलो तेव्हा तिथे चहा पीत होती. पुढे ऑटोनं गेलो. ऑटोवाल्यानं मला गावाच्या अलीकडेच सोडलं. म्हणाला, पुढे रस्ता खचला आहे.

इथून पुढे मी हळू बोलतो, कारण तिथे मी हळूच चाललो.

दिवस मावळायला आलेला. खदानीच्या वरचं ते माळरान दिसायला आपल्यासारखंच आहे. तरोटा, बोरीची झुडपं, एखादं पळस. पण पाय टाकला की आवाज येतो. मी भांडेवाला आहे, बोटानं टिचकी मारून भरीव-पोकळ ओळखायचं हे माझं पोट भरायचं साधन. माझ्याच पावलांनी मला सांगितलं की खाली काही नाही. एवढं मोठं रिकामं भांडं मी कधी वाजवलं नव्हतं. थोडं पुढे जमिनीतून धूर निघत होता. आग कुठेच नाही, नुसता धूर, अगदी सावकाश, चूल विझल्यानंतर निघतो तसा. एका भेगेजवळ उभा राहिलो तर चपलेच्या तळव्याला ऊब लागली. इतवारीत मी सांगतो की त्या भेगेवर मी चहा उकळून घेतला. खरं असं आहे की मी पळालो.

पक्षी नव्हते. हे मला घरी पोचल्यावर कळलं, अंगणात चिमण्या ओरडत होत्या तेव्हा.

ओसरीवर

जवाई आला म्हणून गोळाभात होता. बेसनाचे तिखट गोळे, भात, वरून हिंग-लसणाची कडकडीत फोडणी. नागपुरात हा पाहुण्याला करून घालतात खरा, पण तेलाची पळी दोनदा ओतली की हात थांबतो. इथे मी थांबा म्हणेपर्यंत ओतायचं असा नियम, आणि तोंडात गोळा असताना थांबा म्हणता येत नाही. उकडलेल्या तुरीच्या शेंगा वेगळ्या.

मामाजी माझ्याशी बोलत होते आणि पाहत होते माझ्या कानाच्या पलीकडे. आधी वाटलं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे. दोनदा वळून पाहिलं. मग समजलं, त्यांना समोरचा माणूस मधोमध दिसत नाही. तोंड पाहायचं तर नजर बाजूला न्यावी लागते. सवय होईस्तोवर अंगावर काटा यायचा. सवय झाली नाही.

त्यांचं चालणंही तसंच. अंगणातून जाताना ते एका कडेनं चालत, जणू डाव्या हाताला कोणीतरी आहे आणि त्याला जागा द्यायची आहे. प्रमोदला विचारलं. तो म्हणाला, आई गेल्यापासून असंच आहे.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

जेवणं होऊन अंधार पडल्याबरोबर प्रमोदच्या बायकोनं मागच्या चबुतऱ्यावर दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या. मी जवाई माणूस, सरळ दुसऱ्या खुर्चीत बसायला गेलो.

"तिथं नका बसू," मामाजी म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

प्रमोदनं लाजून माझ्यासाठी एक बादली उलटी घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासुरवाडीत बादलीवर बसलेला मी पहिलाच जवाई असेन. प्रमोद कानाशी म्हणाला, ती आईची खुर्ची. मामाजी तारे पाहत तेव्हा आई तिथे तुरी सोलत बसायची आणि सोलता सोलता झोपायची. खुर्चीवर तिची शाल घडी करून ठेवलेली होती.

दुर्बिणीपाशी

दुर्बीण पाहून माझा जीव सुखावला. जुनं, जाड, लांब पितळ. तिवईवर उभी. टिचकी मारली, नळी असूनही भरीव वाजली. त्या गावातली तेवढी एकच वस्तू भरीव होती.

मी मोबाइलची बत्ती लावली, तर मामाजींनी हात डोळ्यांवर घेतला. लँपरूममध्ये पहिली शिकवण हीच असते म्हणाले, दुसऱ्याच्या डोळ्यात उजेड मारायचा नाही, खाली गेल्यावर तो आंधळा होते. बत्ती विझवली. अंधार असा आला, जशी कोणी वरून कढई पालथी घातली. मग हळूहळू तारे निघाले. मृग नक्षत्राच्या पायथ्यापासून मावळतीकडे तारकांची एक अंधूक, वाकडी ओळ जाते. पुस्तकांत तिला यमुना म्हणतात. खदानीवरचे लोक तिला वैतरणी म्हणतात. मामाजींचा तारा तिच्या काठावर होता.

त्यांनी आधी मला पाहायला लावलं. काचेत एक पिवळसर तारा ठळक दिसला. त्याच्या बाजूला दुसरा असतो म्हणाले, पांढरा. मी पाहिलं. डोळा फाडून पाहिलं. नव्हता.

मला केवढं हलकं वाटलं. खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. तारा दिसत नव्हता, हेच खरं होतं. उद्या सकाळी म्हातारा एस.टी.त आणि कुंदा खूश.

"नाही दिसत, मामाजी," मी म्हणालो.

"सरळ पाहून राहिले म्हणून," ते म्हणाले. "त्याच्याकडे नका पाहू. दुसरीकडे पाहा. काचेच्या काठाकडे पाहा, अन् ध्यान इकडे ठेवा."

मी काठाकडे पाहिलं. आणि तो आला.

कसा आला ते सांगता येत नाही. आधी जिथे काही नव्हतं तिथे एक पांढरा कण होता, आणि तो आधीपासून तिथेच होता. आनंदानं मी त्याच्याकडे वळलो. गेला. काठाकडे पाहिलं. आला. मी कितीतरी वेळ हाच खेळ करत बसलो, आणि थोड्या वेळानं तो खेळ वाटेनासा झाला. आपण पाहिलं की जातं आणि नजर काढली की येऊन उभं राहतं, अशी वस्तू माणसाला एकटं असताना भेटू नये.

"मेलेला आहे तो," मामाजी अंधारातून म्हणाले.

मग त्यांनी मला त्याची सगळी हकीकत सांगितली, आपल्या भाषेत सांगतो. आपल्या सूर्यासारखाच तो एक होता. त्याचं जळण संपलं. वरचं सगळं उडून गेलं, आतला निखारा उरला. आता आत काहीही जळत नाही, नुसती जुनी धग आहे, ती बाहेर पडते आहे. तरी त्याचं अंग सूर्याच्या जवळजवळ तिप्पट तापलेलं, म्हणून पांढरा. मग अंधूक का, तर आकारानं एवढासा. आपल्या पृथ्वीहून थोडा मोठा. पण वजन सूर्याच्या अर्ध्याहून जास्त.

वजन म्हटल्यावर मी कान टवकारले. विचारलं, म्हणजे भाव काय. ते म्हणाले, तिथला माल चहाच्या चमच्यात घेतला तर दीड-दोन टन भरेल.

इतवारीत मी आजवर जे जे फेकलं, ते सगळं त्या एका चमच्याखाली चिरडलं गेलं. माझी बकरी, माझा गंज, सगळं. आणि म्हातारा ते भाव न चढवता सांगत होता, जसं कोणी सांगतं की वाण्याकडे साखर आली आहे. आणखी एक उफराटी गोष्ट अशी की अशा ताऱ्यात जितकं जास्त वजन तितका तो लहान. आमच्या खानदानात हे कोणालाच साधलेलं नाही.

"व्याधाच्या बाजूलेही असाच एक आहे," ते म्हणाले. "तो तर आधी कोणालेच दिसला नव्हता. व्याध सरळ चालत नाही, डुलत चालते, तेव्हा लोकाइले समजलं का बाजूनं कोणीतरी ओढून राहिलं."

मला त्यांचं अंगणातलं चालणं आठवलं. मी बादलीवर जरा सरकून बसलो.

"विझेल कधी हा?" मी विचारलं.

"असा एकही अजून पुरता विझला नाही. दुनिया तेवढी जुनीच नाही झाली." मग म्हणाले, "आत्ता तुमच्या डोळ्यात आला ना जो उजेड, तो निघाला तिथून सोळा वर्षं झाली. तो निघाला तेव्हा तुमच्या सासूबाई इथं तुरी सोलत होत्या."

प्रमोद दूर ओसरीत उभा होता. तिथून हाक आली, "झालं का भाऊजी? बाबाले दिसते का नाही, ते सांगा."

तेव्हा मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मामाजींनी नळी जराशी सरकवून पिवळा तारा काचेबाहेर काढला, पांढरा तेवढा ठेवला, आणि डोळा लावून खुर्चीत बसले. मी दुर्बिणीच्या वरच्या टोकाशी गेलो. माझ्याजवळ लोकरीची कानटोपी होती. मी ती कधी नळीच्या तोंडावर आवाज न करता धरणार, कधी काढणार, आणि त्यांनी नुसतं आहे किंवा नाही म्हणायचं. मी टोपी धरली.

"नाही."

काढली.

"आहे."

मी उगाच हात हलवला, टोपी नेलीच नाही. "आहे." धरून खूप वेळ ठेवली. "नाही. नाही. अजून नाही." काढली. "आला."

समोरचं बोट दिसत नव्हतं त्या माणसाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टरनं, प्रमोदनं, आम्ही सगळ्यांनी त्यांना समोर पाहायला लावून तपासलं होतं. आणि हा तारा तर कडेनंच दिसतो. जी नजर ताऱ्याला लागते, तेवढीच त्यांची शिल्लक होती.

मी नळीच्या तोंडाकडे नीट पाहत होतो, टोपी बरोबर बसावी म्हणून. आणि पाहता पाहता, डोळ्याच्या कडेला, मला दोघं बसलेले दिसले.

मामाजी दुर्बिणीला वाकलेले. आणि बाजूच्या खुर्चीत कोणीतरी, मान थोडी कललेली, झोप लागली की कलते तशी. मांडीवर हात. हात हलत होते.

मी वळलो. खुर्ची रिकामी. शालीची घडी.

पुन्हा नळीच्या तोंडाकडे पाहिलं. कडेला दोघं.

माझा हात टोपीसकट तिथेच राहिला. मी परत मान वळवायला लागलो, तसे मामाजी, डोळा काचेवरून न उचलता, हळूच म्हणाले,

"सरळ नका पाहू, जवाईबुवा. जाते मग."

मी पाहिलं नाही. माझी छाती त्या जमिनीसारखी पोकळ वाजत होती. मी विचारलं, रंग कोणता दिसतो. मला ताऱ्याचं विचारायचं होतं की काय, ते माझं मलाच ठाऊक नाही.

"कडेच्या नजरेले अंधारात रंग नाही कळत," ते म्हणाले. "त्या पांढऱ्याजवळ एक लाल तारा आहे, लहानसा. इंजिनिअर साहेबाले दिसे. मले तो राखेसारखाच दिसते. लाल का हिरवा, ते नाही समजत."

प्रमोदची पुन्हा हाक आली. तो अंधारात होता, त्याला टोपी दिसली नव्हती. म्हातारा 'आहे' म्हणाला की 'नाही', आणि बरोबर म्हणाला की चूक, हे सगळं एकट्या माझ्या जिभेवर होतं. कुंदानं दिलेलं वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं. मामाजींनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि माझ्या कानापलीकडे पाहत बसले. मग हात लांब करून बाजूच्या खुर्चीवरची शाल सारखी केली.

"दिसते," मी ओरडून सांगितलं. "माझ्याहून चांगलं दिसते."

प्रमोद ओसरीतून आत निघून गेला. जवायाचा शब्द होता.

परतताना

सकाळी उठलो तर प्रमोद अंगणात खुंट्या ठोकत होता. ओसरीच्या खांबापासून चबुतऱ्यापर्यंत त्यानं कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधला. खदानीत दिवे गेले तर धरून वर यायला असाच दोर असतो म्हणे. माझ्याशी बोलला नाही, पण चहा स्वतः आणून दिला. मामाजी दोर धरून एकदा गेले आणि आले. मी पाहिलं, डावीकडची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन मी दुपारच्या आत नागपुरात आलो. आधी घरी गेलो. कुंदा दारात होती. तिनं माझ्या मागे पाहिलं, मग पिशवी पाहिली, आणि तिला समजलं.

"एक काम सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी तारा सांगितला. चमचा सांगितला. टोपी सांगितली. ती ऐकत होती, पण चेहरा तोच, बकरीच्या वेळचा. माझ्या आयुष्यातली पहिली संपूर्ण खरी हकीकत मी बायकोला सांगत होतो आणि ती दाराच्या चौकटीवर बोट फिरवत होती. म्हणून मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. दुसरी खुर्ची. कललेली मान. हलणारे हात.

तिचं बोट थांबलं. मग तिनं विचारलं,

"लुगडं कोणतं नेसली होती?"

मला सासूबाईंची लुगडी माहीत होती. पोपटी, जांभळं, लाल काठाचं. कोणतंही म्हणता आलं असतं.

"रंग नाही दिसला," मी म्हणालो.

कुंदा आत गेली. मागच्या खोलीत जाऊन तिनं पलंगावरची नवी चादर काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली. मग बाहेर येऊन शेंगांची पिशवी ओतली आणि सोलायला बसली. सोलता सोलता तिची मान थोडी कलली होती. मी दुकानाची किल्ली शोधत होतो, त्यामुळे ते मला कडेनंच दिसलं. वळून पाहिलं नाही.